रिमच्या पाठीवरची ओळ

टायरच्या दुकानात अलॉय व्हील टांगलेली असतात ती गिऱ्हाइकाकडे तोंड करून. काळी, चंदेरी, दुरंगी, पाच काड्यांची, पंधरा काड्यांची. गिऱ्हाईक बोट दाखवतं, दुकानदार विचारतो, "गाडी कुठली?" आणि उत्तर ऐकून म्हणतो, "बसेल की!" बहुतेक वेळा ते लागतंही. नट आवळले जातात, फोटो निघतो, गाडी दुकानाबाहेर पडते. पण चाक लागणं वेगळं आणि बसणं वेगळं. या दोहोंतला फरक ज्या माहितीवर ठरतो ती चाकाच्या तोंडावर नसते, पाठीवर असते. रिम उलटी करून बघितली तर हबजवळ किंवा काडीच्या आतल्या अंगाला बारीक अक्षरांत एक ओळ ओतलेली सापडते: १६ × ६½ जे, एच २, ईटी ४५. शेजारी कुठेतरी ४ × १००. चार-सहा आकड्यांची ही ओळ वाचता आली तर "बसेल की" या शब्दाची पारख घरबसल्या करता येते.

सुरुवात टायरपासून करावी, कारण ते आकडे सगळ्यांच्या डोळ्यांखालचे आहेत. १८५/६५ आर १५, ८८ एच. टायरची रुंदी १८५ मिलिमीटर. बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के. 'आर' म्हणजे रेडियल. रिमचा व्यास १५ इंच. ८८ हा भार निर्देशांक, त्याचा अर्थ एका टायरवर कमाल ५६० किलो, आणि 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असा भेळीचा प्रकार कशासाठी, असं कुणालाही वाटेल. तो मोडून काढायचा प्रयत्न झाला होता. मिशलँ कंपनीने १९७५ मध्ये 'टीआरएक्स' नावाचे टायर आणले, त्यांच्या रिम ३६५, ३९०, ४१५ मिलिमीटर अशा सरळ मेट्रिक मापाच्या होत्या. टायर चांगले होते. पण त्या रिमवर दुसरं कुठलंच टायर चढेना आणि ते टायर दुसऱ्या रिमवर चढेनात. पद्धत मागे पडली आणि इंच राहिले. आज ज्यांच्याकडे त्या काळातली गाडी आहे ते जुन्या मापाचे टायर महागात शोधत बसतात.

आता हिशोब. टायरसकट चाकाचा पूर्ण व्यास काढायचा तर रिमचे इंच २५.४ ने गुणायचे आणि त्यात भिंतीची उंची दोनदा मिळवायची, एकदा वरची आणि एकदा खालची. मारुती स्विफ्टच्या साध्या आवृत्तीला बरीच वर्षं १६५/८० आर १४ टायर येत, वरच्या आवृत्तीला १८५/६५ आर १५. पहिल्याचा व्यास येतो ६१९.६ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१.५. रिम एका इंचाने वाढली तरी चाक दोन मिलिमीटरनेही वाढलं नाही. कंपनीने टायरची भिंत कापून रिमला जागा करून दिली. कुणाला १६ इंचांवर जायचं असेल तर १९५/५५ आर १६ चा व्यास ६२०.९ येतो, म्हणजे पुन्हा तेच. पण त्याच रिमवर 'जरा भरीव दिसतं' म्हणून २०५/६० चढवलं की व्यास ६५२ च्या पुढे जातो, मूळ मापापेक्षा पाच टक्के जास्त. चाकाच्या एका फेरीत गाडी पाच टक्के जास्त पुढे जाते, पण मीटर जुन्याच फेऱ्या मोजत असतो. त्यामुळे वेग आधीपेक्षा पाच टक्के कमी दाखवला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा जास्त दाखवलेलं एका मर्यादेत चालतं, कमी दाखवलेलं अजिबात चालत नाही. व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा हा दुकानांतला जुना ठोकताळा आहे. दोन टक्क्यांत बसवता आला तर आणखी बरं.

भाराचा आकडा मात्र बहुतेक जण बघतच नाहीत. १८५/६५ आर १५ वर साधारणपणे ८८ असतो. १९५/५५ आर १६ वर ८७, म्हणजे ५४५ किलो. टायर रुंद झालं, रिम मोठी झाली, तरी पेलायचं वजन पंधरा किलोने घटलं. टायरमधलं वजन पेलते ती आतली हवा, आणि भिंत बुटकी झाली की हवेला जागा कमी. स्विफ्टच्या १४ इंची टायरवर ८५ हा आकडा चालतो, तेव्हा तिथे या घटीने काही बिघडत नाही. सात माणसं आणि टपावर सामान घेऊन घाट चढणाऱ्या गाडीच्या बाबतीत मात्र हा आकडा आधी बघावा.

भिंतीचंही तसंच. १६५/८० टायरची भिंत १३२ मिलिमीटर उंच असते, १८५/६५ ची १२०, १९५/५५ ची १०७ आणि १७ इंची रिमवरच्या २०५/४५ ची अवघी ९२. रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये तेवढीच उशी. पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गावरून गेलेल्याला ही चार सेंटिमीटरची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. पत्र्याची डिस्क वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉयला तडा जातो. तडा गेलेली अलॉय वेल्डिंग करून रंगवून देणारे भेटतात, पण ओतीव ॲल्युमिनियमला कारखान्यात ठरावीक तापमानाला तापवून बळकटी आणलेली असते आणि वेल्डिंगच्या आचेने नेमकी तीच उतरते.

पुढचं माप दुकानात सगळ्यांना तोंडपाठ असतं: पीसीडी, पिच सर्कल डायमीटर. नट जिथे लागतात त्या भोकांच्या मध्यांतून एक वर्तुळ काढलं तर त्याचा व्यास किती, हे ते सांगतं. ४ × १०० म्हणजे चार भोकं, १०० मिलिमीटरचं वर्तुळ. स्विफ्ट, आय-२० आणि आधीच्या होंडा सिटीचं माप हेच. क्रेटा आणि इनोव्हाचं ५ × ११४.३, फॉर्च्युनरचं ६ × १३९.७, जिम्नीचं ५ × १३९.७. हे दशांश चक्रावून टाकतात, पण त्यात गूढ काही नाही. ११४.३ म्हणजे साडेचार इंच आणि १३९.७ म्हणजे साडेपाच इंच. इंचांत आखलेली मापं मिलिमीटरमध्ये लिहिली गेली, एवढंच.

या मापाला सगळीकडे चालणारं एकच प्रमाण कधी ठरलं नाही. पुण्याभोवतीचे कारखाने बघितले तरी ते कळतं. चाकणला तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलोचं माप ५ × १००. रांजणगावच्या फियाट लिनियाचं ४ × ९८ आणि त्याच आवारातल्या जीप कंपासचं ५ × ११०. तिथून पुढे नगर रस्त्याने छत्रपती संभाजीनगर गाठलं की शेंद्र्याच्या स्कोडा लॉराचं ५ × ११२. अर्ध्या दिवसाच्या प्रवासात चार गाड्या, आणि एकीचं चाक दुसरीला लागेल तर शपथ.

यातली लिनिया जपून हाताळण्यासारखी आहे. ४ × १०० ची अलॉय बाजारात ढिगाने मिळते, ४ × ९८ ची शोधावी लागते. दोहोंत फरक दोन मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक भोक मध्यापासून एकेक मिलिमीटर सरकलेलं. पाना लावून जोर केला की बोल्ट शिरतातही. पण ते किंचित तिरके शिरतात, त्यांचं डोकं खोबणीत एका बाजूने टेकतं आणि दुसरी बाजू मोकळी राहते. असा बोल्ट आवळल्यासारखा वाटतो आणि काही दिवसांनी ढिला होतो. चाक लागलं खरं, पण बसलं नाही, याचं इतकं नेमकं उदाहरण दुसरं नाही.

पीसीडी घरी मोजता येतं. चार किंवा सहा भोकं असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर घ्यायचं. पाच असतील तर समोर भोकच नसतं. तिथे शेजारशेजारच्या दोन भोकांचं अंतर घेऊन १.७०१ ने गुणायचं. शेजारच्या भोकांत ६७.२ मिलिमीटर आले तर उत्तर ११४.३, ६५.८ आले तर ११२. दोन्ही मापांत शेजारच्या भोकांमधला फरक दीड मिलिमीटरही नाही, त्यामुळे शाळेच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर भिस्त ठेवू नये. व्हर्निअर वापरावं, आणि मध्य अंदाजाने धरण्यापेक्षा एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजावं. भोकं सारख्या मापाची असली तर अंतर तेच येतं.

चाकाच्या मध्यात जे मोठं भोक असतं त्याला सेंटर बोअर म्हणतात. गाडीच्या हबचा गोल उंचवटा त्यात शिरतो. स्विफ्ट आणि आय-२० ला हा व्यास ५४.१, सिटीला ५६.१, पोलोला ५७.१, इनोव्हाला ६०.१, क्रेटाला ६७.१. गाडीच्या कंपनीने दिलेल्या चाकाचं भोक हबवर घट्ट बसतं, चाक आपोआप मध्यावर येतं आणि नटांना फक्त ते दाबून धरायचं काम उरतं. बाजारी अलॉय एकाच साच्यातून अनेक गाड्यांसाठी निघते, म्हणून तिचं भोक मोठं ठेवतात. ७३.१ हे नेहमीचं माप. ती स्विफ्टवर चढवली की हबभोवती साडेनऊ मिलिमीटरची फट पडते. चाक मध्यावर आणायची जबाबदारी मग नटांवर येते आणि ते ज्या क्रमाने आवळले जातील तसं चाक केसभर इकडेतिकडे बसतं. ताशी ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरू लागतं. गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करून घेतं, यंत्र दर वेळी 'ठीक' म्हणतं, कारण यंत्रावर चाक मधल्या भोकातून सुळक्यावर मध्यावर धरलेलं असतं आणि गाडीवर ते तसं धरलेलं नसतं. या दुखण्यावर उपाय आहे हब रिंग: बाहेरून ७३.१ आणि आतून ५४.१ अशी प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची कडी. अलॉयच्या किमतीपुढे ती फुकटात पडल्यासारखी असते. विकताना तिचं नाव कुणी काढत नाही ही या धंद्यातली जुनी खोड.

नटबोल्टांची गोष्ट थोडक्यात. सुझुकीच्या गाड्यांना १२ मिलिमीटर जाडीचा, दोन आट्यांत १.२५ मिलिमीटर अंतर असलेला नट लागतो. होंडा, ह्युंदाई, टोयोटाला १२ × १.५, पोलोला १४ × १.५ चा बोल्ट. याखेरीज नटाचं तोंड चाकात जिथे टेकतं त्या खोबणीचा आकार बघायचा. बाजारी अलॉयला बहुधा शंकूसारखी खोबण असते. होंडा आणि फोक्सवॅगनच्या मूळ चाकांना ती गोलसर असते, टोयोटाच्या अनेक मूळ अलॉयना सपाट, वॉशरवाली. शंकूच्या खोबणीत गोल तोंडाचा नट लावला तर तो एका बारीक रेषेवरच टेकतो. हा घोळ डोळ्यांनी दिसत नाही.

आता राहिला ऑफसेट. सगळ्या ओळीत सर्वांत दुर्लक्षित आकडा हाच आणि निर्णायकही हाच. पाठीवरचं 'ईटी' हे जर्मन आइनप्रेसटिफं या शब्दाचं लघुरूप. रिमच्या रुंदीचा बरोबर मध्य धरायचा. चाकाचा जो सपाट भाग हबला टेकतो तो या मध्यापासून किती मिलिमीटर दूर आहे, ते म्हणजे ऑफसेट. तो भाग मध्याच्या बाहेर, रस्त्याकडच्या अंगाला असेल तर आकडा धन. त्यामुळे चाक आत, शॉकॲब्सॉर्बरकडे सरकतं. आकडा जितका कमी तितकं चाक मडगार्डच्या बाहेर येतं. पुढची चाकं ओढणाऱ्या आजच्या छोट्या गाड्यांना ४० ते ५० च्या आसपासचा ऑफसेट असतो. जिम्नीला तो फक्त ५ आहे. तिच्याच पीसीडीची पण जास्त ऑफसेटची अलॉय लावली तर चाक काही सेंटिमीटर आत ओढलं जातं.

एक हिशोब करून बघू. समजा जुनी रिम ५½ इंच रुंद, ईटी ४५. नवी ७ इंच रुंद, ईटी ४०. रुंदी दीड इंचाने वाढली, म्हणजे ३८ मिलिमीटर, दोन्ही बाजूंना एकोणीस-एकोणीस. ऑफसेट पाचने घटला, म्हणून सगळं चाक पाच मिलिमीटर बाहेर सरकलं. बाहेरची कड २४ मिलिमीटर पुढे आली, आतली १४ मिलिमीटर शॉकॲब्सॉर्बरच्या जवळ गेली. गाडीला जॅक लावून आत हात घातला आणि तिथे बोटभरच जागा सापडली, तर सौदा तिथेच थांबवावा. बाहेरच्या बाजूला मडगार्डची कड बघायची. चार माणसं बसवून गतिरोधकावरून गाडी नेली की टायर वर कमानीत शिरतं, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या चाकाचा कोपरा आतल्या प्लास्टिकच्या अस्तराकडे येतो. रिकाम्या गाडीवर, दुकानाच्या सपाट फरशीवर हे दोन्ही कळत नाही. घासल्याचा पहिला पुरावा म्हणजे अस्तरावर उमटलेला चकचकीत काळा पट्टा.

ऑफसेटचा परिणाम घासण्यापुरता नाही. स्टिअरिंग वळवताना पुढचं चाक एका तिरक्या अक्षाभोवती फिरतं. तो अक्ष कल्पनेने रस्त्यापर्यंत खाली आणला तर जिथे टेकेल तो बिंदू आणि टायर जिथे टेकतं त्या पट्ट्याचा मध्य यांतलं अंतर गाडीचे आराखडे करणारे मिलिमीटरच्या हिशोबाने ठरवतात. १९७२ च्या आउडी ८० मध्ये टायरचा मध्य या बिंदूच्या आतल्या बाजूला ठेवला होता. एका बाजूची चाकं कोरड्यावर आणि दुसऱ्या बाजूची ओल्यावर असताना ब्रेक मारला तरी गाडी स्वतःहून सरळ राहायला बघते, हा त्यामागचा हेतू. पुढे ही रचना पुष्कळ गाड्यांत आली. दिसायला रुबाबदार म्हणून २० मिलिमीटर कमी ऑफसेटचं चाक लावलं, की टायरचा मध्य २० मिलिमीटर बाहेर जातो आणि ती आखणी मोडते. शिवाय बेअरिंगवरचा बोजा लांब दांड्याने उचलल्यासारखा वाढतो. पाऊण-एक इंचाचा स्पेसर घालून चाक बाहेर काढणं म्हणजे हेच, फक्त मध्ये आणखी एक तुकडा आणि कधी कधी अपुऱ्या लांबीचे स्टड.

रिमवरचा आकडा पुसट असेल तर ऑफसेटही काढता येतो. रिम पालथी ठेवायची, वरच्या कडांवर एक सरळ पट्टी आडवी टाकायची आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंत खोली मोजायची. सात इंची रिम कडांसकट साधारण आठ इंच, म्हणजे २०३ मिलिमीटर भरते, कारण रिमची रुंदी टायर जिथे टेकतं तिथली मोजतात, कडांची नाही. निम्मे १०१.५. खोली १४१.५ आली तर ऑफसेट ४०. एक-दोन मिलिमीटरची चूक धरली तरी दुकानदाराच्या "सेम टू सेम"पेक्षा हे बरं.

'जे' हे अक्षर रिमच्या कडेच्या आकाराचं, आणि 'एच २' म्हणजे टायर जागचं सुटू नये म्हणून आतल्या बाजूला ठेवलेले दोन उंचवटे. रुंदीला टायरची अट असते. १८५/६५ आर १५ साठी ५ ते ६½ इंच, २०५/५५ आर १६ साठी ५½ ते ७½ इंच. अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवण्याची फॅशन मध्यंतरी आली होती. तशा टायरची भिंत बाहेर फुगण्याऐवजी आत झुकते आणि पदपथाची कड थेट रिमला लागते.

एवढी मापं जुळली तरी चाक टिकेल का, हा प्रश्न राहतोच. अलॉयला आता शंभर वर्षं झाली: एत्तोरे बुगाटीने १९२४ मध्ये लियाँच्या ग्रां प्रीत टाइप ३५ उतरवली तिला आठ पट्ट्यांची ॲल्युमिनियमची चाकं होती. ब्रेकचा ड्रम त्या चाकातच ओतलेला होता. त्या दिवशी टायरांनी दगा दिला, चाकांनी नाही. आज चाक तीन परीक्षांतून जातं: वळणावरच्या वाकण्याची, वजनाखाली फिरत राहण्याची आणि कडेवर तिरका घाव घालण्याची. पुण्यात १९६६ पासून असलेली 'एआरएआय' ही संस्था अशा चाचण्या घेते. जपानी बनावटीच्या चाकांवर 'जेडब्ल्यूएल' आणि 'व्हीआयए' ही अक्षरं असतात. पहिलं तिथल्या हलक्या धातूच्या चाकांसाठीच्या मानकाचं, दुसरं स्वतंत्र तपासणीचं. अक्षरंही नकली ओतता येतात हे खरं, पण ज्या रिमवर ना भाराचा आकडा, ना बनवणाऱ्याचं नाव, ती स्वस्त का मिळते हे विचारायची गरज नाही.

कायद्याचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाचा निकाल फिरवताना सर्वोच्च न्यायालयाने मूळ बनावटीपासून फारकत घेणाऱ्या बदलांना मनाई असल्याचं स्पष्ट केलं. जर्मनीत चाकासोबत कोणकोणत्या गाड्यांना ते चालेल याची मंजुरीची कागदपत्रं येतात, आणि ती नसतील तर तपासणी करून घ्यावी लागते. आपल्याकडे अलॉयबरोबर बहुधा बिलच येतं, तेही मागितलं तर. म्हणून सर्वांत सुरक्षित वाट एकच दिसते: त्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीला कंपनीने जे माप दिलं आहे, तिथपर्यंत जावं. व्यास, भार, ऑफसेट सगळ्याचा हिशोब तिथे आधीच झालेला असतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर टायरचं माप आणि हवेचा दाब लिहिलेला स्टिकर असतो, दुकानात जाण्याआधी त्याचा फोटो काढून घ्यावा. त्यापलीकडे दोन इंच मोठी रिम हवी असेल तर ती हौस आहे, आणि खड्ड्यांचा कर तिला भरावा लागणार.

चाकं बदलून घरी आल्यावर दोन कामं उरतात. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासायचे. स्विफ्टसारख्या गाडीला साधारण ८५ न्यूटनमीटर, पोलोला १२०. पायाने पान्यावर उभं राहून आवळायचे नाहीत. दुसरं काम स्टेपनीचं. हा शब्द आला वेल्समधल्या लानेली गावाच्या स्टेपनी रस्त्यावरून. १९०४ च्या सुमारास तिथे जादा चाक विकायला सुरुवात झाली. इंग्लंड तो शब्द विसरलं, आपण विसरलो नाही. डिकीतली स्टेपनी बहुधा जुनी पत्र्याचीच राहते आणि अलॉयचे नवे नट तिच्या खोबणीत नीट बसतीलच असं नाही. म्हणून दुकानदाराकडून जुने चार नट मागून घ्या आणि पिशवीत बांधून जॅकशेजारी ठेवा.